देहाचाही हक्क

मगरिबच्या अजानला पाऊण तास उरला की कोणत्याही मोहल्ल्यात एकच लगबग दिसते. कढयांत तेल तापलेले, कांदाभजी आणि समोसे परातीत रचलेले, कलिंगडाच्या फोडी, खजुराचे ढीग, लाल सरबताचे पिंप. मुंबईत मिनारा मशिदीजवळ तर मालपुवा आणि फिरनीसाठी रात्री उशिरापर्यंत गर्दी हटत नाही, आणि त्या गर्दीत आपले हिंदू, ख्रिस्ती मित्रही हौसेने असतात. ही रौनक रमजानचीच आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण महिनाभर रोजे करूनही ईदच्या सुमारास कपडे घट्ट होतात, छातीत जळजळ होते, झोपेचे खोबरे होते, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. दिवसभर जे कमावले ते संध्याकाळच्या अर्ध्या तासात गमावले जाते.

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे, हे आपण दरवर्षी ऐकतो. इमाम गजाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी हेच अधिक रोखठोकपणे मांडले. ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात रोजाविषयी लिहिताना ते विचारतात की, दिवसा जे खाल्ले नाही ते सारे इफ्तारला भरून काढले, वर चार पदार्थ जास्तच झाले, तर रोजाने साधले काय? भूक ही मनाच्या हावेला लगाम घालण्यासाठी असते. भूक साठवून ठेवून संध्याकाळी तिला मेजवानी दिली, तर हाव आणखी बळावते, असा त्यांचा मुद्दा आहे.

यावरचा उपाय आपल्याकडे आधीपासून आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) ओल्या खजुरांनी रोजा सोडत, ते नसले तर सुक्या खजुरांनी, तेही नसले तर पाण्याच्या काही घोटांनी, आणि मग नमाज. जेवण त्यानंतर. मधली ही दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची. खजुरातली साखर रक्तात लवकर उतरते, पाण्याने घसा ओला होतो, हातापायाची थरथर थांबते आणि नमाजहून परतलेला माणूस ताटावर तुटून पडत नाही. आपण मात्र खजूर तोंडात असतानाच भज्याकडे हात नेतो, आणि जमात उभी राहते तेव्हा पोट तट्ट झालेले असते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवणही हदीसमधलीच. भरल्या पोटी सजद्यात वाकून पाहिले की तिसऱ्या भागाचे महत्त्व आपोआप कळते.

सहेरीचे उलटे होते. रात्री एक वाजता जेवून ‘आता उठायला नको’ म्हणून झोपणारे पुष्कळ. सुन्नत आहे ती सहेरी उशिरा करण्याची आणि इफ्तारला उशीर न लावण्याची, म्हणजे उपवासाचा काळ विनाकारण लांबवायचा नाही. सहेरीला दुधात भिजवलेली खजला-फेणी चवीला झकास, पण दहा वाजता पुन्हा पोटात कावळे ओरडतात. त्यापेक्षा भाकरी, डाळ, अंडे, दही हे दुपारपर्यंत साथ देते. लोणचे-पापड या वेळी नको, तहान लागते. आणि शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा तांब्या रिकामा करून काही साठत नाही. ते पाणी तासाभरात बाहेर पडते. इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे, बसून, श्वास घेत प्यावे. पहिल्या तीन दिवसांत कपाळ ठणकते ते बहुतेकदा चहाच्या तलफेने. शाबानमध्येच चहाचे कप कमी केले तर हा त्रास बराच टळतो. तंबाखू आणि गुटख्याबद्दल काय लिहावे! जो माणूस तेरा-चौदा तास त्यांच्यावाचून राहू शकतो, तो इफ्तारनंतर पहिला हात त्या पुडीलाच का घालतो?

मनाचे म्हणाल तर असर ते मगरिब ही खरी कसोटीची वेळ. साखर उतरलेली, रस्त्यावर हॉर्न, दुकानात गर्दी. कोणी भांडायला आला तर आपण रोजेदार आहोत एवढेच सांगून बाजूला व्हावे, ही शिकवण या वेळेला तंतोतंत लागू पडते. गार पाण्याने वजू, पाच मिनिटे शांत बसून तस्बीह, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. तरावीहच्या रकातींच्या संख्येच्या वादात मी शिरत नाही. रुकू आणि सजदा घाईने उरकू नये, पाठ स्थिर होऊ द्यावी, एवढे मात्र सर्वांनाच मान्य आहे. तरावीहनंतर बाजारात सहेरीपर्यंत फिरणे हा इबादतीचा भाग नाही. जोहरनंतरची पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, जिला आपण कैलुला म्हणतो, ती रात्रीची तूट थोडी भरून काढते.

मदिनेतला एक प्रसंग या सगळ्याच्या मुळाशी आहे. हिजरतीनंतर प्रेषितांनी सलमान फारसी आणि अबू दरदा यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान एकदा या भावाच्या घरी गेले, तर घरातली बाई अगदी साध्या, मळकट कपड्यांत. विचारले तेव्हा कळले की अबू दरदांना संसाराची ओढच उरलेली नाही. दिवसा रोजा, रात्री नमाज. अबू दरदांनी पाहुण्यापुढे जेवण ठेवले, स्वतः रोजा असल्याचे सांगितले. सलमान हटून बसले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी घास घेणार नाही. रोजा नफिल होता, अबू दरदा जेवले. रात्री ते नमाजला उठू लागले, सलमानांनी झोपायला लावले. पुन्हा उठले, पुन्हा झोपवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा दोघे मिळून उठले आणि नमाज पढले. परमेश्वराचा हक्क आहे तसा स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्या, असे सलमानांनी बजावले. प्रकरण प्रेषितांपर्यंत गेले आणि त्यांनी सलमानांचे म्हणणे खरे ठरवले.

हा हक्क सर्वांत जास्त डावलला जातो तो आजारी माणसांकडून. कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोजे फर्ज केले, तिथेच लागोपाठच्या दोन आयतींत (१८४ आणि १८५) आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. तरी ‘चाळीस वर्षांत एक रोजा सुटला नाही’ असे अभिमानाने सांगणारी आजी मधुमेहाची गोळी स्वतःच्या अंदाजाने पुढे-मागे करते आणि डॉक्टरला पत्ता लागू देत नाही. २००१ मध्ये १३ देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप दोनच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी निदान पंधरा रोजे ठेवले होते, आणि रक्तातली साखर धोकादायक उतरण्याचे गंभीर प्रकार त्यांच्यात एरवीच्या साडेसात पट झाले होते.

रोजा ठेवायचा असेल तर सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. काहींना औषध बदलून रोजा ठेवता येतो, काहींना नाहीच. हे ठरवणे शेजाऱ्याचे किंवा नातलगाचे काम नव्हे. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, असे उलेमा सांगतात. ती ७० च्या खाली आली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडावा, मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर सवलत आहे. बरे झाल्यावर कजा करता येते. बरे होण्याची आशाच नसेल तर एकेका रोजाबद्दल गरिबाला जेवण, म्हणजे फिद्या.

अडचण शरियतची नाही, आपल्या नजरांची आहे. ‘रोजा आहे ना?’ हा प्रश्न आपण सहज टाकतो आणि समोरचा आजारी माणूस ओशाळतो. घरातली सून औषधाबरोबर दोन घास स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्याने खाते. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच मिनिटे या सवलतीवर बोलले तरी कितीतरी घरांत हे लपणे थांबेल. आणि आजीने दुपारी चार वाजता साखर उतरली म्हणून रोजा सोडला असेल, तर संध्याकाळी दस्तरखानावर तिची नेहमीची जागा रिकामी ठेवू नये. पहिला खजूर तिच्याच हातात द्यावा.