पीसीच्या आवाजात घरघर येते म्हणून साऊंड कार्ड घेताय? आधी घरातलं अर्थिंग बघा

बारामतीवरून इंदापूरला निघालं की वाटेत निमगाव केतकी लागतं. विड्याच्या पानांसाठी ओळखलं जाणारं आणि आषाढी वारीत तुकोबांची पालखी जिथं मुक्कामाला थांबते, ते हे गाव. आता या गावाचा आणि कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल.

तर संबंध असा आहे की, गेमिंग पीसी ही आता फक्त पुण्या-मुंबईची गोष्ट राहिलेली नाही. गावाकडची पोरंही पार्ट जमवून पीसी बनवतात. कुणी व्हॅलोरंट खेळतं, कुणी भजनाचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकतं. आणि तक्रार बऱ्याचदा सारखीच असते. स्पीकर लावला की मागे घरघर येते, माईकमध्ये गुणगुण येते, गेममध्ये शत्रूची पावलं नीट ऐकू येत नाहीत. मग मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला, "चांगलं साऊंड कार्ड टाक, विषय संपला."

पण गावात राहून अशी वस्तू घ्यायची म्हणजे ऑनलाइन मागवा, नाहीतर बारामती किंवा थेट पुण्याची तपकीर गल्ली गाठा. आणलं, लावलं आणि फरकच पडला नाही, तर पैसे आणि हेलपाटा दोन्ही वाया. म्हणून आधी समजून घेऊ की साऊंड कार्ड काय सुधारू शकतं आणि काय नाही.

साऊंड कार्ड नेमकं करतं काय?

कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी असते. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक कानासाठी ४४,१०० आकडे असतात. पण स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला विजेचा सिग्नल लागतो. आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. तो सिग्नल हेडफोनला पेलेल इतका मोठा करायला छोटा अॅम्प्लिफायर असतो. माईकच्या बाबतीत हेच काम उलट दिशेनं होतं. साऊंड कार्ड म्हणजे मुख्यतः एवढंच.

मग पूर्वी ते वेगळं का घ्यावं लागायचं?

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात फक्त 'बीप' करणारा स्पीकर होता. १९८७ मध्ये कॅनडाच्या अॅडलिब कंपनीचं कार्ड आलं आणि गेममध्ये संगीत वाजायला लागलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं साऊंड ब्लास्टर आणलं आणि पुढची बरीच वर्षं पीसीचा आवाज म्हणजे साऊंड ब्लास्टर, असं समीकरण झालं.

मग दोन गोष्टी बदलल्या. १९९७ मध्ये इंटेलनं एसी ९७ हे मानक आणलं आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच यायला लागली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि गेमच्या आवाजाची आकडेमोड थेट साऊंड कार्डकडे देण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टनं काढून टाकली. ते काम प्रोसेसर सहज करायला लागला आणि वेगळ्या कार्डाची गरज कमी होत गेली.

आज चांगल्या मदरबोर्डवर दिसणाऱ्या रियलटेकच्या एएलसी १२२० चिपची क्षमता कंपनी १२० डेसिबल सांगते. सीडीच्या १६ बिट आवाजात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल असतं. म्हणजे चिप बहुतेक वेळा पुरेशी असते. गडबड तिच्या आजूबाजूला असते.

घरघर कुठून येते, ते ओळखा

त्यासाठी आवाजाचा प्रकार ऐका.

माऊस हलवला, पेज स्क्रोल केलं किंवा गेम सुरू झाला की बारीक किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज बदलत असेल, तर तो कॅबिनेटच्या आतून येतोय. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरजवळच्या विजेच्या चढउतारांचा तो परिणाम असतो. अशा वेळी आधी फुकटातला उपाय करा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागे मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर कॅबिनेटच्या आतून फिरून येते आणि वाटेत हा गोंगाट पकडते. बऱ्याच जणांचा प्रश्न इथंच सुटतो.

पण आवाज एकसारखा 'घूंऽऽ' असा असेल आणि पीसीवर काहीही केलं तरी बदलत नसेल, तर संशय विजेच्या लाईनवर घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ती घरघर त्याच पट्टीत असते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष साऊंड कार्डचा नाही.

मुंग्या येणारं कॅबिनेट

पीसीच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असा अनुभव अनेकांना असतो. "थोडासा करंट आहे, काही होत नाही" म्हणून तो सोडूनही दिला जातो.

होतं असं की, पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. त्यातून येणारा बारीक करंट तिसऱ्या पिनमधून जमिनीत जावा, अशी रचना असते. घरात अर्थिंगच नसेल तर त्याला वाट मिळत नाही आणि कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात. पण तेच व्होल्टेज माईक आणि स्पीकरच्या वायरींमध्ये घुसून घरघर करतं. आणि उद्या पॉवर सप्लायमध्ये खरा बिघाड झाला, तर जीव वाचवणारी वाटच घरात नाही, हा त्याचा अर्थ.

म्हणून हे काम साऊंड कार्डच्या आधी करा. वायरमनला बोलवून सॉकेटवर मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसले पाहिजेत. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडून अर्थिंग कमजोर होतं, त्यात पाणी घालावं लागतं.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. घरघर थांबते म्हणून प्लगची तिसरी पिन काढू नका. आणि सॉकेटमध्ये अर्थिंगच्या जागी न्यूट्रलची तार जोडू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर अख्ख्या कॅबिनेटवर पूर्ण व्होल्टेज येऊ शकतं.

अर्थिंग नीट असूनही स्पीकर जोडल्यावरच घरघर येत असेल, तर पीसी आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तो ऑडिओ वायरीतून वाहतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

तुमचा हेडफोन कोणता आहे?

यूएसबी हेडसेट आणि ब्लूटूथ हेडफोन या दोन्हींत डॅक आतच असतो. त्यामुळे पीसीत कितीही भारी साऊंड कार्ड बसवलं तरी आवाज त्याच्यातून जातच नाही.

ब्लूटूथची आणखी एक भानगड आहे. गेममध्ये माईक सुरू केला की आवाज एकदम जुन्या फोनसारखा होतो ना? जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये चांगला स्टिरिओ आवाज आणि माईक एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो. त्यात आवाज उशिरा पोचतो ते वेगळंच. गेमिंगसाठी वायरवाला हेडफोन लावा, हा प्रश्न निघून जाईल.

गेममधली पावलं आणि ७.१ चं गणित

शत्रू डावीकडून येतोय की मागून, हे ओळखायला साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो. कारण कानही दोनच आहेत. आवाज कोणत्या कानात आधी पोचला आणि कानाच्या आकारामुळे तो कसा बदलला, यावरून मेंदू दिशा ठरवतो. हीच नक्कल सॉफ्टवेअर करतं, तिला एचआरटीएफ म्हणतात. व्हॅलोरंटमध्ये हा पर्याय सेटिंगमध्येच आहे. विंडोजमध्येही विंडोज सॉनिक ही सोय फुकट मिळते.

फक्त यातली एकच सुरू ठेवा. गेमचं एचआरटीएफ, वर विंडोज सॉनिक आणि वर हेडसेटचं ७.१ असं सगळं एकदम लावलं की आवाज कालवल्यासारखा होतो आणि दिशा कळेनाशी होते.

हाय-रेझोल्यूशन गाण्यांचं काय?

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ, ३२ बिट असे आकडे असतात. पण तरुण निरोगी कानालाही साधारण २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि सीडीचे ४४,१०० आकडे तेवढं सगळं पकडतात. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच सीडीच्या दर्जाला उतरवलेला आवाज लोकांना ओळखायला सांगितला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

मग घ्यायचं कधी आणि काय?

मागचा जॅक वापरूनही किरकिर जात नसेल, किंवा जॅकच खराब झाला असेल, तर छोटा यूएसबी डॅक घ्या. मोबाईलला हेडफोन जोडायचा चांगल्या कंपनीचा टाईप-सी अॅडॉप्टरही पीसीवर बऱ्याचदा हेच काम करतो. आवाजाची चिप कॅबिनेटच्या गोंगाटातून बाहेर येते, शिवाय लॅपटॉपलाही चालते. आत बसवायचं कार्ड शेवटी ग्राफिक्स कार्डच्या शेजारीच बसतं.

हेडफोन २५० किंवा ३०० ओहमचा असेल, तर अॅम्प्लिफायरवाला डॅक लागेल. दुकानात मिळणारे बहुतेक हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात, त्यांना याची गरज नाही.

भजन, गाणं, पॉडकास्ट रेकॉर्ड करायचं असेल, तर साऊंड कार्ड नको, ऑडिओ इंटरफेस घ्या. स्टुडिओच्या कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर पीसीच्या साध्या जॅकमधून मिळत नाही, इंटरफेसमधून मिळते. गाताना स्वतःचा आवाज कानात उशिरा येण्याचा त्रासही त्यानं जातो.

यातलं काहीच तुमच्या बाबतीत नसेल, तर कार्डाचे पैसे चांगल्या हेडफोनवर घाला. ऐकण्यात सगळ्यात मोठा फरक तिथंच पडतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर आज पहिला फोन वायरमनला करा.