डिस्क शाबूत, ड्रायव्हर बेपत्ता

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेले सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायची वेळ आली. पुष्कळ जुन्या यंत्रांवर इन्स्टॉलरने डिस्कची यादीच कोरी दाखवली. अशा वेळी आधी डिस्कवर संशय घेतला जातो, मग केबलवर, मग कंट्रोलर कार्डावर. इथे तिन्ही ठणठणीत होती. अपग्रेडनंतर डिस्क न दिसण्याचं दुखणं जुनंच आहे, पण त्याचं कारण पार बदललं आहे. पूर्वी ड्रायव्हर आलेला नसायचा. आता तो मुद्दाम बंद केलेला असतो, आणि इन्स्टॉलर तसं सांगतही नाही.

खरा छळ झाला तो एक्सपीच्या दशकात. विंडोज एक्सपी २००१ची, साटा डिस्क त्यानंतर बाजारात आल्या आणि त्यांच्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर नव्हताच. निळ्या पडद्यावर तळाशी काही सेकंद एक ओळ झळकायची, तेवढ्यात एफ६ दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. लॅपटॉपमधून तर फ्लॉपी ड्राइव्ह तोवर हद्दपार होत आला होता! मग बायॉसमध्ये कंट्रोलर आयडीई मोडवर टाकायचा, एनसीक्यूचा वेग गमवायचा. पुढे कुणी तो मोड एएचसीआयवर नेला की ७बी क्रमांकाची ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही चूक हजर. २००७च्या व्हिस्टात ड्रायव्हर आला, पण आयडीई मोडमध्ये बसवलेल्या व्हिस्टात तो झोपलेला असे. रजिस्ट्रीतल्या ‘एमएसएएचसीआय’च्या नोंदीत ‘स्टार्ट’ची किंमत शून्य केली की यंत्र सुरू. एवढ्याशा दुरुस्तीऐवजी ‘फॉरमॅट मारा’ असा सल्ला सर्रास दिला गेला. त्यात लोकांचे फोटो, हिशेब, प्रबंध गेले. त्या सल्ल्याला क्षमा नाही.

अर्थात कधीकधी डिस्क खरोखरच मरत असते आणि अपग्रेडच्या ताणात ते उघड होतं. पण ते तपासता येतं. डिस्क स्वतः ठेवते त्या स्मार्ट नोंदींत ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्कचे सेक्टर खराब होताहेत. फक्त १९९ वाढत असेल तर आधी केबल बदलावी. आणि ‘एलएसपीसीआय -के’ ही लिनक्सची आज्ञा कार्ड दाखवते, पण त्याखाली वापरातल्या ड्रायव्हरची ओळच नसते, तेव्हा आधी ड्रायव्हर शोधावा.

सेंटओएस ७ ज्यावरून बनलं त्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या २०१९च्या आठव्या आवृत्तीत रेड हॅटने नेमकं हेच घडवलं. डेलच्या पर्क ६/आय कार्डाचा १०००:००६० आणि एलएसआयच्या सास२००८ चिपचा १०००:००७२ हे ओळखक्रमांक ड्रायव्हरच्या यादीतून वगळले. ड्रायव्हर तिथेच राहिले, मूळ लिनक्स कर्नल ही कार्डं ओळखत राहिला. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. ज्या कार्डाला निर्मात्याकडून फर्मवेअर येत नाही, जे चाचणीसाठी हाताशी नाही, त्यावर ग्राहकाचा डेटा बिघडला तर जबाबदारी कोण घेणार? शिवाय लीप हे तिचं अपग्रेडचं साधन असे ड्रायव्हर आढळले की आधीच थांबवतं. हे मान्य. पण जबाबदारी न घेणं वेगळं आणि दारच बंद करणं वेगळं. ईएलरेपोच्या स्वयंसेवकांनी अशा कार्डांसाठी ड्रायव्हर डिस्क तयार केल्या. पुढे मे २०२४मध्ये रेड हॅटशी सुसंगत असलेल्या अल्मालिनक्स ९.४ने असे बरेच वगळलेले क्रमांक पुन्हा सुरू केले. म्हणजे काम अशक्य नव्हतं. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला तर लीपचा इशाराही मिळत नाही. इन्स्टॉलरला कार्डाचा क्रमांक वाचता येतो, वगळलेल्यांची यादी रेड हॅटने स्वतःच छापली आहे. त्या कोऱ्या यादीच्या जागी ‘कार्ड सापडलं, त्याचा ड्रायव्हर या आवृत्तीत बंद केला आहे’ एवढी एक ओळ दाखवायला काहीच हरकत नव्हती.