बंद फोन, खुला कोड

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला, नकाशा आधी डाउनलोड केलेला असल्यास, इंटरनेट नसतानाही ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘ऑसमअँड’वर वाट शोधता येते. दोन्ही अ‍ॅपचा कोड खुला आहे आणि नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’च्या स्वयंसेवकांनी रेखलेला. ही अ‍ॅप ज्या फोनवर चालतात, त्यांचे नियम मात्र कंपन्या ठरवतात.

• आयफोन : अ‍ॅप स्टोअरवर अ‍ॅप ठेवायला अ‍ॅपलची मंजुरी लागते, विकसकांसाठी वार्षिक शुल्क साधारणपणे ९९ डॉलर.

• व्हीएलसी : जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आणि स्टोअरच्या अटी यांच्या वादातून हा प्लेअर जानेवारी २०११मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून हटला. परवान्यात बदल करून २०१३मध्ये तो परतला.

• अँड्रॉइड : मूळ प्रणालीचा कोड खुला, पण गूगलच्या प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेसचा कोड बंद. २०१०पासून ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्त अ‍ॅपचे वेगळे भांडार आहे.

• भारत : ‘आरोग्य सेतू’ या सरकारी अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड २६ मे २०२० रोजी खुला झाला. अँड्रॉइडमधील मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

खुला कोड कुणालाही तपासता येतो, सुधारता येतो, मराठीत आणता येतो. म्हणून फोन घेताना तिथे मुक्त अ‍ॅपना किती वाव आहे, हेही पाहायला हवे.