टेस्टोस्टेरॉन आटलं की प्रोस्टेटमध्ये काय उरतं?

टेस्टोस्टेरॉन बनवणारी वृषणं काढली की प्रोस्टेटचा कर्करोग माघार घेतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण सगळी ग्रंथी सारखी आटत नाही. वृषणं काढलेल्या उंदरांत आधी रक्तपुरवठा घटतो, मग काही दिवसांतच स्राव तयार करणाऱ्या पेशी झपाट्याने मरतात. त्यांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतीचा वाटा मात्र आक्रसलेल्या ग्रंथीत वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनचे धागे जवळजवळ आलेले, नागमोडी दिसतात. हवा गेलेल्या फुग्यासारखा नलिकांभोवतीचा पातळ पडदा सुरकुततो. स्नायुपेशी रोडावतात, त्यांच्या कडा काटेरी होतात. तंतू ‘वाढले’ असं लगेच म्हणणं घाईचं. बरेचसे जुनेच, फक्त दाटीवाटीने.

गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये (डीएचटी) रूपांतर करणारं विकर मुख्यतः याच आधार-ऊतीत असतं. फिनास्टेराइड हे औषध त्यालाच रोखतं. ही गोळी काही महिने घेतल्यावर रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन, साधारण निम्म्यावर येतं, त्यामुळे अहवाल फसवा ठरू शकतो. पीएसए तपासणीपूर्वी गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.