फुप्फुसावरचा ठिपका

बजाजनगरात बहुतेक घरांतले कुणी ना कुणी वाळूजच्या कारखान्यात. खोकला लांबला, स्कॅन काढला, की कागदावर ‘नोड्यूल’ हा शब्द येतो आणि घरातली चूल थंड! शेजारच्या वहिनी तर यजमानांना घेऊन त्याच रात्री मुंबईला निघाल्या होत्या.

आपल्याकडे असा ठिपका पुष्कळदा जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असतो. म्हणून आधी कपाटातला जुना स्कॅन शोधा. कोविडच्या वेळी काढलेला बऱ्याच घरांत असतो. घट्ट ठिपका दोन वर्षांत वाढलेला नसेल, तर तो बहुधा निरुपद्रवी. नवा असेल तर डॉक्टरांना आकार विचारा. ६ मिलिमीटरपेक्षा लहान आणि विडी-सिगारेट नाही, तर सहसा पुन्हा स्कॅनही लागत नाही. ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी स्कॅन. ८ च्या वर मात्र ३ महिन्यांनी स्कॅन, पेट स्कॅन की सुईने तुकडा काढणे, हे ठरवावे लागते. पेट स्कॅनमध्ये क्षयही उजळतो बरं का! (आधी कर्करोग झालेल्यांना ही मापे लागू नाहीत.)

ताप असेल, वजन घटत असेल तर आधी थुंकी तपासून घ्या. घाटीत क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ओतकामाच्या धुळीत काम असेल तर तेही सांगा, पुरुष सांगत नाहीत. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. थुंकीत रक्त दिसले तर मात्र त्या तारखेपर्यंत थांबू नका.