सेट भाड्याचा, सिनेमा आपला

कॅमेरा नाही, स्टुडिओ नाही, बजेट तर नाहीच नाही. तरीही व्हिडिओ गेमच्या आत शिरून अ‍ॅनिमेशन फिल्म बनवणाऱ्यांची एक भन्नाट दुनिया आहे. तुम्हालाही शिरायचंय? मग आधी घरमालक कोण ते विचारून घ्या!

शुक्रवारी रात्री हेडफोन लावून शत्रूचा खात्मा करणारी मंडळी प्रत्येक ऑफिसात असतात. सोमवारी सकाळी डोळे लाल आणि हातात डबल कॉफी, यावरून ती ओळखायची. पण यांच्यातल्याच काही उचापतखोरांना वाटलं, रोज रोज काय त्याच गोळ्या झाडायच्या? त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि गेमच्या मैदानातच पिक्चरचं शूटिंग लावलं.

या प्रकाराचं नाव 'मशिनिमा'. मशीन अधिक सिनेमा, वर अ‍ॅनिमेशनचा तडका. हा शब्द १९९८ साली आला आणि एडिंबरोच्या ह्यू हॅनकॉकने तो रूढ केला. खरं तर शब्द ठरला होता 'मशिनेमा'. स्पेलिंग चुकलं आणि ती चूकच सगळ्यांना जास्त आवडली!

फंडा काय आहे?

नेहमीच्या अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. दीड तासाच्या फिल्मचा हिशोब करा : १ लाख २९ हजार ६००. मोठ्या स्टुडिओत यातलं एकेक चित्र तयार करायला कॉम्प्युटरला तासन्‌तास लागू शकतात. म्हणून तिथे खोल्याच्या खोल्या भरून मशीन्स रात्रंदिवस राबत असतात.

गेमला एवढी सवड कुठली? तुम्ही बटण दाबलं की व्हिलन त्याच क्षणी पडायला हवा. म्हणून गेमचं इंजिन, म्हणजे पडद्यामागचं सॉफ्टवेअर, सेकंदाला ३० ते ६० चित्रं तिथल्या तिथे काढून मोकळं होतं. थोडी सफाई कमी असेल, पण वाट पाहायची गरज नाही. शिवाय डोंगर, इमारती, पाऊस, उन्हं, माणसं, सगळं आयतं तयार. एक जण आपलं पात्र चालवतो, दुसरा आपलं, आणि तिसऱ्याच्या स्क्रीनवर जे दिसतं तोच कॅमेरा. नंतर आवाज भरायचे आणि कापून जोडायचं. थोडक्यात, हा कळसूत्री बाहुल्यांचाच खेळ. फक्त बोटांना बांधलेल्या दोऱ्यांच्या जागी जॉयस्टिक आली.

बंदुकीतली गडबड

सुरुवात झाली १९९६ साली. 'क्वेक' हा गेम नुकताच बाजारात आला होता. त्यात खेळलेला डाव रेकॉर्ड करून पुन्हा पाहण्याची सोय होती. 'रेंजर्स' नावाच्या खेळाडूंच्या टोळीने त्यावर 'डायरी ऑफ अ कॅम्पर' ही जेमतेम शंभर सेकंदांची फिल्म केली. कॅम्पर म्हणजे एका कोपऱ्यात दबा धरून बसणारा खेळाडू. फिल्ममध्ये संवाद फक्त अक्षरांत उमटतात. गंमत म्हणजे ही व्हिडिओ फाईल नव्हतीच. कोण कुठे गेला, काय केलं, याची ती नोंद होती. ती पाहायला तुमच्याकडेही 'क्वेक' असणं भाग होतं! पण कॅमेरा खेळाडूच्या डोळ्यांतून सुटून बाजूला उभा राहिला, आणि खेळाचं नाटक झालं.

खरा धमाका झाला १ एप्रिल २००३ रोजी. अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये बर्नी बर्न्स आणि त्याच्या मित्रांनी 'हेलो' या गेममध्ये 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका सुरू केली. विषय? कुठल्याशा ओसाड दरीत समोरासमोर अडकलेल्या दोन तुकड्या. लढाई कशासाठी चाललीय ते कुणालाच माहीत नाही. सगळे आपले उभ्या उभ्या बडबड करतायत. ऑफिसच्या मीटिंगची आठवण झाली ना? म्हणूनच ती हिट झाली.

पण एक अडचण होती. या गेममधले सैनिक कायम बंदूक रोखून उभे. गप्पा मारणारी माणसं अशी कशी दिसणार? तेव्हा सापडली गेममधलीच एक गडबड. सैनिकाच्या हातात पिस्तूल देऊन त्याला जमिनीकडे बघायला लावलं, की पिस्तूल खाली जायचं आणि मान मात्र सरळच राहायची! झालं काम. हेल्मेटमुळे तोंड दिसायचा प्रश्नच नाही, मान हलली की तो बोलतोय असं समजायचं. पुढे 'हेलो २' मध्ये बंजी या कंपनीने शस्त्र खाली करण्याची सोय मुद्दाम गेममध्येच दिली. गेमची मालकी असलेल्या मायक्रोसॉफ्टनेही नोटीस पाठवण्याऐवजी परवाना फी न घेता मालिका चालू ठेवू दिली.

पॅरिस नव्हतं, तरी पॅरिस

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटत असेल, तर २००५ सालची गोष्ट ऐका. २७ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या एका उपनगरात पोलिसांना चुकवायला विजेच्या सबस्टेशनमध्ये लपलेली दोन मुलं शॉक लागून गेली. त्यानंतर फ्रान्सभर दंगली पेटल्या. टीव्हीवर जळणाऱ्या गाड्या दिसत होत्या. त्या का जळतायत हे त्या पोरांच्या बाजूने सांगणारं फारसं कुणी नव्हतं.

अ‍ॅलेक्स चॅन हा औद्योगिक डिझायनर. त्याने आधी एकही फिल्म केलेली नव्हती. त्याच नोव्हेंबरात 'द मूव्हीज' नावाचा, सिनेमे बनवायचा गेम बाजारात आला होता. चॅनने तो घेतला आणि दंगली ताज्या असतानाच 'द फ्रेंच डेमोक्रसी' ही तेरा मिनिटांची फिल्म केली. नोकरीत, रस्त्यात, पोलिसांसमोर वर्णभेद सोसणारे तरुण दगड उचलण्यापर्यंत कसे पोचतात, त्याची ही गोष्ट. गेममध्ये पॅरिसचे सेट नव्हते, म्हणून मेट्रोच्या जागी न्यूयॉर्कची सबवे आली आणि सबस्टेशनच्या जागी एक साधी खोपट. बाहुल्यांचा अभिनय कच्चा, सबटायटल्सचं इंग्रजी मोडकं. तरीही अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांना तिची दखल घ्यावी लागली. स्टुडिओ शोधत बसला असता, तर चॅनची फिल्म दंगली विझून वर्षं लोटल्यावर आली असती.

घरमालकाची मर्जी

आता येते गोम. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ती चटकन कळेल. भिंतीला रंग तुम्ही दिलात, पडदे तुम्ही लावलेत, पण अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट कुणाच्या हातात? मशिनिमात कथा, संवाद, आवाज तुमचे. चेहरे, कपडे, रस्ते मात्र गेम कंपनीचे. २००७ साली मायक्रोसॉफ्ट आणि ब्लिझार्ड या दोन्ही कंपन्यांनी नियम लेखी जाहीर केले. मथितार्थ असा, की हौसेखातर खुशाल करा, धंदा करायचा तर आधी विचारा. चांगला घरमालक, पण घरमालकच!

आणि जिथे फिल्म दाखवायची ती जागा तरी कुठे आपली असते? हॅनकॉकने २००० साली मशिनिमाच्याच नावाने साईट सुरू केली होती. पुढे ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि तिची बडी कंपनी झाली. यूट्यूबवर तिचे एक कोटीहून जास्त सबस्क्रायबर होते. २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ती विकत घेतली. जानेवारी २०१९ मध्ये एके दिवशी चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ एकदम दिसेनासे झाले आणि थोड्याच दिवसांत कंपनी बंद. ज्याने आपली प्रत सांभाळून ठेवली नव्हती, त्याची कित्येक रात्रींची मेहनत कुलूपबंद झाली.

तरी लोक थांबत नाहीत. २०२१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लॉकडाऊन, थिएटर्स बंद. सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरवीन या दोन रिकाम्या बसलेल्या नटांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मारधाड गेमच्या ऑनलाईन शहरात चक्क 'हॅम्लेट' बसवायला घेतलं! ऑडिशनच्या मध्येच कुणीतरी अनोळखी येऊन गोळ्या घालतोय, पोलीस मागे लागतायत, आणि नाटक चालूच. त्यावरच्या 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट' या डॉक्युमेंटरीला २०२४ मध्ये अमेरिकेतल्या साऊथ बाय साऊथवेस्ट फेस्टिव्हलमध्ये ज्युरी अवॉर्ड मिळालं. नाटकवेड्या मराठी माणसाला हे वेड वेगळं समजावून सांगायला नको.

आता मालकीचा वन-बीएचके

मधल्या काळात एक मोठा बदल झालाय. पूर्वी गेम विकत घेऊन त्यात लपतछपत शूटिंग करावं लागे. आता इंजिनच मिळतं. एपिक कंपनीने २०१५ मध्ये 'अनरिअल' इंजिन डाऊनलोडसाठी फुकट केलं. फिल्म करणाऱ्याची वर्षाची कमाई दहा लाख डॉलरच्या आत असेल, तर त्याची फी नाही. तुमचा-माझा प्रश्नच मिटला! २०२४ साली ज्या 'वॉर इज ओव्हर' फिल्मला अ‍ॅनिमेटेड शॉर्टचं ऑस्कर मिळालं, तीही याच इंजिनावर तयार झालीय. इथे पात्रं आणि सेट तुम्ही स्वतः घडवलेत, तर ते तुमचेच. कष्ट जास्त, पण दारावर पाटी आपल्या नावाची.

या वीकएण्डला सुरुवात करायचीय?

• पहिली फिल्म दोन मिनिटांची, दोनच पात्रांची. 'रेड व्हर्सेस ब्लू'ची सुरुवातही दोन सैनिकांच्या गप्पांनीच झाली.
• हात बसवायला व्हॉल्व्हचं 'सोर्स फिल्ममेकर' फुकट आहे. जमलं की 'अनरिअल'कडे वळा.
• चांगलं ग्राफिक कार्ड असलेला स्वतःचा कॉम्प्युटर घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रयोग नकोत, आयटीवाले पकडतील!
• चित्र कच्चं असलं तर प्रेक्षक माफ करतो, आवाज फुटला तर नाही. आधी माईकवर खर्च करा.
• गेममध्येच शूटिंग करणार असाल, तर कंपनीचे नियम शेवटपर्यंत वाचा. 'आय अ‍ॅग्री' दाबायची घाई नको.
• गाजलेलं फिल्मी गाणं मागे टाकू नका. गेमच्या मालकाइतकाच गाण्याचा मालकही जागा असतो.
• आणि तयार फिल्मची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाच. साईट आज आहे, उद्या नसेल.