डबा बोर्नव्हिटाचा, आत हळद!

ऑफिसच्या सिस्टीममध्ये तुम्हाला काय दिसणार आणि काय करता येणार, हे ठरवतो एक 'रोल'. त्या रोलला नाव देण्याचं काम कुणीच सिरियसली घेत नाही. मीही घेत नव्हते... एका शुक्रवारपर्यंत!

आमच्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद असते. कॉफीच्या बरणीत जिरं. आणि फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा मोठ्या आशेने उघडावा, तर आत कालची आमटी! तुमच्याही घरी वेगळं काही नसणार. पण आईला विचारा, ती डोळे मिटून बरोबर डबा काढून देते. प्रॉब्लेम येतो आई गावाला गेल्यावर.

आमच्या ऑफिसातही सेम टु सेम. मी पुण्यातल्या एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत सॅप सिक्युरिटी बघते. (बघायला आलेल्या मुलांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'सिक्युरिटी? म्हणजे गेटवर?') तर, आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सुरू केलेली सॅप ही कंपनी. कच्चा माल मागवण्यापासून तुमच्या-माझ्या पगारापर्यंत सगळं तिच्या सॉफ्टवेअरवर चालतं. इतक्या अवाढव्य सिस्टीममध्ये प्रत्येक माणसाला एकेक हक्क मोजून देणं अशक्य. म्हणून हक्कांची गाठोडी बांधतात. प्रत्येक गाठोडं म्हणजे एक रोल. माणूस आला की गाठोडं हातात द्यायचं, गेला की काढून घ्यायचं. सिंपल फंडा!

गाठोड्याला नाव द्यायला जागा मिळते तीस अक्षरांची. सॅपचे स्वतःचे रोल 'सॅप' या अक्षरांनी सुरू होतात, म्हणून आपण बनवलेल्यांची सुरुवात झेडने किंवा वायने करायची. एवढी शिस्त बहुतेक कंपन्या पाळतात. त्यापुढे मात्र ज्याची त्याची मर्जी. मी जॉइन झाले तेव्हा आमच्याकडे 'झेड_टेम्प', 'झेड_टेम्प_२' आणि 'झेड_टेम्प_फायनल_न्यू' असे तीन रोल सुखाने नांदत होते. आणि एक चक्क माणसाच्या नावाचा! स्टोअर्समधले एक काका होते, त्यांच्यासाठी कुणीतरी त्यांच्याच आडनावाने रोल बनवला. आडनाव सांगत नाही, पण पुण्यात दर तिसऱ्या सोसायटीच्या पाटीवर सापडेल. पुढे स्टोअर्समध्ये जो येईल त्याला तोच रोल. काका २०१७ मध्ये रिटायर झाले, रोल ड्युटीवरच. ज्या शहरात जिलब्या मारुती, पत्र्या मारुती आणि सोट्या म्हसोबा ही नावं लोक न अडखळता घेतात, तिथे हे कुणाला विचित्र वाटणार?

आता तो शुक्रवार. सप्टेंबर २०१९, संध्याकाळचे सहा वीस. कोथरूडची कंपनी बस सहा चाळीसला सुटते आणि ती चुकली की रिक्षावाल्यांशी वाद घालत घरी. तेवढ्यात अकाउंट्सचं तिकीट आलं. नवीन ट्रेनी मुलीला व्हेंडरची पेमेंट्स फक्त बघायची आहेत, रोल द्या. मी यादीत 'डिस्प्ले' शोधलं. 'झेड_एफआय_एपी_डिस्प्ले' समोर आला. एफआय म्हणजे फायनान्स, एपी म्हणजे देणी, डिस्प्ले म्हणजे नुसतं बघणं. परफेक्ट! मी नाव वाचलं. तिच्या मॅनेजरनेही नाव वाचूनच अप्रूव्ह केलं. दोन मिनिटांत काम झालं आणि बस मिळाली.

जानेवारी २०२० मध्ये ऑडिटर आले. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कंपनीची आर्थिक नियंत्रणं धड चालतात की नाही, यावर ऑडिटरला मत द्यावं लागतं. त्यामुळे हे लोक सिस्टीममधून एक ठरावीक यादी काढतातच: व्हेंडरचा बँक खाते नंबर बदलायचा आणि पेमेंटही सोडायचं, अशा दोन्ही चाव्या एकाच माणसाकडे आहेत का? कारण मग नंबर बदला, पैसे सोडा, नंबर पुन्हा पूर्ववत करा, विषय संपला! यादीत तीन नावं निघाली आणि तिसरं त्या ट्रेनीचं.

सांगलीहून आलेली, नुकतीच बी.कॉम. झालेली, बावीस वर्षांची मुलगी. तिला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. लॅपटॉप काढून घेतला. एचआरच्या मॅडम आणि अकाउंट्सचे साहेब तिला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते: हा अॅक्सेस तू मागितलास का? तिला तर असा काही अॅक्सेस असतो हेच माहीत नव्हतं. काचेच्या भिंतीतून ती डोळे पुसताना मला दिसत होती.

पहिल्या दिवशी मी काहीच बोलले नाही. खरं सांगते, जाम घाबरले होते. अप्रेझल तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना जाऊन सांगितलं की रोल मी दिला, नाव बघून दिला, आत उघडून बघितलंच नाही. सर एवढंच म्हणाले, 'लेखी दे.' दिलं.

मग मी त्या रोलच्या बदलांचा इतिहास काढला. मार्च २०१४ चा शेवटचा आठवडा. इयर एंडची धावपळ, पेमेंट बघणारा माणूस रजेवर. तेव्हा कुणीतरी 'दोनच दिवसांसाठी' म्हणून या बघण्याच्या रोलमध्ये पेमेंट रन टाकला आणि सोबत व्हेंडरची माहिती बदलण्याचाही हक्क. ते दोन दिवस पुढची जवळजवळ सहा वर्षं चालले. नाव मात्र 'डिस्प्ले'च राहिलं.

पेमेंट रनचे सगळे रेकॉर्ड तपासले. त्या मुलीच्या नावावर एकही एन्ट्री नाही. ती सुटली. पण पुढचे कित्येक दिवस कँटीनमध्ये तिच्या टेबलाची एक-दोन खुर्ची रिकामीच असायची. मी एकदा डबा घेऊन तिथे जाऊन बसले. 'ताई, मी तो स्क्रीन कधी उघडलाच नव्हता,' ती म्हणाली. मला पोळी गिळता येईना.

घाबरण्याचं कारण किती खरं होतं, ते सांगते. बेरिंग्ज ही ब्रिटनची दोनशे वर्षांहून जुनी बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरला निक लीसन हा एकच माणूस सौदेही करत होता आणि त्या सौद्यांचा हिशोब ठेवणारं ऑफिसही सांभाळत होता. तोटा लपवायला त्याने वापरलं ८८८८८ नंबरचं खातं. हे खातं नावाला 'एरर अकाउंट' होतं, म्हणजे छोट्या-मोठ्या चुका तात्पुरत्या ठेवायची जागा. त्यातून निघाला ८२.७ कोटी पौंडांचा खड्डा! शेवटी ती बँक डच कंपनी आयएनजीने अवघ्या एका पौंडाला घेतली.

आमच्याकडे मग नावांसाठी मीटिंगा सुरू झाल्या. पहिले पन्नास मिनिटं मध्ये अंडरस्कोअर हवा की कोलन, यावर गेले. (बॉस, मी मोजलेत.) मग अकाउंट्सचे साहेब म्हणाले, डेझिग्नेशनची नावं द्या, 'सिनियर एक्झिक्युटिव्ह' वगैरे. मी अडून बसले. डेझिग्नेशन दर एप्रिलमध्ये बदलतात, काम तेच राहतं. माझं म्हणणं होतं, माणूस काय करू शकतो ते नावात असावं, तो कोण आहे ते नको.

प्लांटच्या बाबतीत मी हरले. एकच काम चाकणला, नाशिकला आणि औरंगाबादला चालत असेल, तर मूळ रोल एक आणि त्यावरून प्लांटनिहाय पिल्लं, अशी सोय सॅपमध्ये आहे. पिल्लाच्या नावात प्लांटचा चार अंकी कोड टाका, असं मी सांगत होते. सगळ्यांना शहराचं नाव हवं होतं, 'वाचायला सोपं पडतं'. म्हणून 'एयूआर' आलं. २०२३ मध्ये शहर छत्रपती संभाजीनगर झालं, आमचे रोल 'एयूआर'च! बदलायचं म्हटलं तर रोलला नुसतं नवीन नाव देण्याचं बटणच नाही. कॉपी करा, नवीन बनवा, सगळ्यांना वाटा आणि मग जुना उडवा. प्लांटचा कोड तेवढा जिथल्या तिथे आहे.

नाव म्हणजे नुसतं लेबल नाही, याचा आणखी एक पुरावा. कोणता अॅडमिन कोणत्या रोलला हात लावू शकेल, हे सॅपमध्ये रोलच्या नावावरूनच ठरवता येतं. 'झेड एफआय'पुढे स्टार दिला की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे रोल त्याचे. म्हणजे पेमेंटचा रोल चुकून मटेरियलच्या अक्षरांनी सुरू केलात, तर तिजोरीची किल्ली गेली गोडाऊनवाल्याकडे!

'टेम्प' हा शब्द आता आमच्याकडे बॅन आहे. रोल देतानाच शेवटची तारीख टाकता येते, मग तात्पुरत्या कामासाठी रोलच कशाला बदलायचा? आणि नावात बघण्यासाठी 'डी', बदलण्यासाठी 'एम', मंजुरीसाठी 'ए'. सॅपच्या आतल्या भाषेत ०१ म्हणजे नवीन बनवणं, ०२ बदलणं आणि ०३ फक्त बघणं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी 'डी'वाल्या सगळ्या रोलची यादी काढते आणि आत ०१ किंवा ०२ कुठे शिरलंय का ते बघते. पेमेंट रनसारख्या स्क्रीनसाठी वेगळी यादी. पहिल्याच सोमवारी अकरा रोल सापडले. अकरा! आजकाल क्वचित एखादा.

ती सांगलीची मुलगी आता मुंबईत बीकेसीत आहे. मागच्या दिवाळीत तिचा मेसेज आला: 'ताई, नवीन ऑफिसात मला रोल दिला. आधी आत काय आहे ते दाखवा म्हटलं. आयटीवाला बघतच राहिला!'

काकांच्या आडनावाचा रोल मात्र अजून आहे. उडवायचा तर त्यावर माल उतरवून घेणारे सगळे आधी नवीन रोलवर न्यायला हवेत, आणि स्टोअर्सवाले म्हणतात, चालतंय ना, राहू दे. चौतीस जण होते, आता सहा उरलेत. त्यातले दोघं नाइट शिफ्टला असतात, त्यांना गाठायला या गुरुवारी थांबणार आहे. बस चुकणार, पण इलाज नाही.